हादरा इमारतीत शिरतो, मग जातो कुठे?

२६ जानेवारी २००१ च्या सकाळी कच्छमध्ये भूकंप झाला, तेव्हा अहमदाबाद शहर केंद्रबिंदूपासून सुमारे अडीचशे किलोमीटर दूर होते. भुजमधील जुन्या दगडी घरांची माती झाली, ते समजण्यासारखे होते. पण अहमदाबादेत काही वर्षांपूर्वीच बांधलेल्या, सिमेंट-काँक्रीटच्या बहुमजली इमारती कोसळल्या आणि त्यांच्या शेजारच्या, दिसायला तशाच असलेल्या, उभ्या राहिल्या. पडलेल्यांपैकी पुष्कळ इमारतींचा तळमजला गाड्या लावण्यासाठी मोकळा सोडलेला होता.

पणजीपासून कोयनानगरचे अंतर सरळ रेषेत दोनशे किलोमीटरच्या थोडेसेच पुढे आहे. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप कच्छच्या मानाने पुष्कळच लहान होता. त्यामुळे ही तुलना फार ताणण्यात अर्थ नाही. तरीही भारतीय मानक १८९३ च्या २०१६ मधील आवृत्तीत गोवा आणि बेळगाव हे दोन्ही भाग तिसऱ्या, म्हणजे मध्यम धोक्याच्या भूकंपक्षेत्रात दाखवले आहेत. गेल्या काही वर्षांत पर्वरीपासून वास्कोपर्यंत उभ्या राहिलेल्या इमारतींचा तळमजलाही बहुधा गाड्यांसाठीच मोकळा असतो. म्हणून अहमदाबादने विचारलेला प्रश्न इथल्या वाचकालाही लागू पडतो. जमिनीतून इमारतीत शिरलेली ऊर्जा शेवटी जाते कुठे?

या प्रश्नाच्या उत्तराला स्थापत्यशास्त्रात अवमंदन म्हणतात. इंग्रजीतील ‘डॅम्पिंग’ हा शब्द अभियंत्यांच्या तोंडी अधिक असतो. मराठीतील शब्द मात्र अर्थाने जास्त नेमका आहे. दोलन हळूहळू मंद होत जाणे म्हणजे अवमंदन.

माजघरातल्या झोपाळ्याला एक झोका देऊन सोडून द्यावे. तो काही वेळ हलतो आणि थांबतो. त्याला कोणी थांबवलेले नसते. कड्यांतले घर्षण आणि हवेचा विरोध दर फेरीला त्याची थोडी थोडी ऊर्जा खातात आणि तिची उष्णता करून टाकतात. इमारतही अशीच डोलते. ढोबळ हिशेबाने दर मजल्यामागे एक दशांश सेकंद धरला, तर दहा मजली इमारत एका सेकंदात एक फेरी पूर्ण करते. झोपाळ्याला त्याच्याच लयीत धक्के देत राहिले की झोका चढत जातो. भूकंपाच्या लहरींची लय आणि इमारतीची लय जुळली की इमारतीचेही तेच होते. यालाच अनुस्पंदन म्हणतात.

१९ सप्टेंबर १९८५ रोजी मेक्सिको सिटीने ते पाहिले. भूकंपाचे केंद्र साडेतीनशे किलोमीटरहून दूर, पॅसिफिक किनाऱ्याजवळ होते. पण शहराचा मोठा भाग बुजलेल्या तलावाच्या मऊ चिकणमातीवर वसलेला आहे आणि ती माती साधारण दोन सेकंदांच्या लयीत हलू लागली. सर्वाधिक फटका सहा ते पंधरा मजल्यांच्या इमारतींना बसला. त्यांहून ठेंगण्या पुष्कळशा बचावल्या, आणि शहरातील सर्वांत उंच मनोरेही उभे राहिले. लय ज्यांची जुळली, त्या गेल्या. मांडवी-जुवारीच्या काठचा मऊ गाळ आणि खाजनांवर भर घालून केलेले भूखंड डोळ्यांपुढे आणले, तर ही हकीकत तितकीशी परकी वाटत नाही.

अनुस्पंदनाला आवर घालणारी एकच गोष्ट असते, ती म्हणजे अवमंदन. ते टक्क्यांत मोजतात. ज्या अवमंदनाने हलवलेली वस्तू एकदाही पलीकडे न जाता मूळ जागी येऊन थांबते, ते शंभर टक्के. दरवाजा आपोआप पण न आपटता लावणारे जे यंत्र कार्यालयांत बसवलेले असते, ते या शंभराच्या आसपास चालते. इमारती मात्र फार खाली असतात. काँक्रीटच्या इमारतीचे अवमंदन हिशेबासाठी पाच टक्के धरण्याचा प्रघात आहे, पोलादी सांगाड्याचे दोन टक्के. (२०१६ च्या भारतीय मानकाने साहित्य कोणतेही असो, पाचच टक्के धरायला सांगितले. पोलादी इमारतींच्या बाबतीत हे औदार्य थोडे जास्तच वाटते.)

आकडे छोटे दिसले तरी फरक छोटा नाही. पाच टक्के अवमंदन असलेली इमारत मोकळी डोलू लागली तर दर फेरीला तिचे डोलणे सुमारे २७ टक्क्यांनी घटते. दोन टक्क्यांच्या इमारतीचे केवळ १२ टक्क्यांनी. आणि धक्के नेमके लयीत मिळत राहिले, तर तेवढाच जोर संथपणे लावला असता इमारत जितकी कलली असती, त्याच्या पंचवीस पटीपर्यंत दोन टक्क्यांची इमारत डोलू शकते. पाच टक्क्यांना ही मर्यादा दहा पट होते, वीस टक्क्यांना अवघी अडीच पट. प्रत्यक्ष भूकंपात इतका काळ एकसारखी लय टिकत नाही, म्हणून इतकी वाढ सहसा होत नाही; पण अभियंते दोन-चार टक्क्यांसाठी एवढी धडपड का करतात, ते यावरून कळावे.

आपोआप मिळणारे अवमंदन

कोणतेही यंत्र न बसवता इमारतीला जे अवमंदन लाभते, ते अनेक वाटांनी येते. काँक्रीटमधील सूक्ष्म भेगा उघडतात, मिटतात आणि त्यांचे काठ एकमेकांवर घासतात. विटांच्या भिंती सभोवतालच्या कॉलम-बीमच्या चौकटीशी घसटतात. पोलादी सांगाड्यात बोल्टांचे सांधे किंचित सरकतात. शिवाय इमारत हलताना पायाखालची जमीनही हलवते, आणि काही ऊर्जा लहरींच्या रूपाने परत जमिनीत निघून जाते. हिला प्रारण अवमंदन म्हणतात.

घर्षणाचे आणि द्रवाचे अवमंदन यांत एक मौजेचा भेद आहे. घर्षणाने दोलन दर फेरीला सारख्याच मापाने घटते, दहाचे आठ, आठाचे सहा, आणि मग एकाएकी थांबते. घट्ट द्रवातून हलणाऱ्या वस्तूचे दोलन मात्र सारख्या प्रमाणात घटते, दहाचे पाच, पाचाचे अडीच. ते विझत जाते, पण लवकर पुरते थांबत नाही. खऱ्या इमारतीत दोन्हींची सरमिसळ असते. ती वेगळी काढून मोजणे अवघड असल्यामुळे संगणकावर आकडेमोड करताना अवमंदनाचा एक भाग इमारतीच्या वस्तुमानाशी आणि दुसरा तिच्या ताठरपणाशी प्रमाणात धरतात. रॅले या ब्रिटिश शास्त्रज्ञाच्या नावाने ही पद्धत ओळखली जाते. ती गणिताची सोय आहे. निसर्गाचा नियम नव्हे.

जुन्या कारागिरांना ही सूत्रे ठाऊक नव्हती, परिणाम मात्र ठाऊक होता. काश्मीरच्या धज्जी-देवारी पद्धतीत लाकडी चौकटीचे लहान लहान खण पाडून त्यांत दगड-विटा मातीत बसवतात. हादरा आला की हे तुकडे चौकटीत कुरकुरत घासतात, घर वाकडेतिकडे होते, पण पडत नाही. १ नोव्हेंबर १७५५ च्या भूकंपाने लिस्बन उद्ध्वस्त झाल्यावर पोंबाल या मंत्र्याच्या कारकिर्दीत जी नवी घरे बांधली गेली, त्यांच्या भिंतींच्या पोटातही असाच तिरप्या दांड्यांचा लाकडी सांगाडा होता. पोर्तुगीज त्याला ‘गायोला’, म्हणजे पिंजरा, म्हणतात. नमुन्याच्या सांगाड्याभोवती सैनिकांना पाय आपटत फिरवून त्याची परीक्षा घेतली, असे सांगितले जाते.

पण घर्षण म्हणजे सुरक्षितता असा सरळ अर्थ काढणे धोक्याचे ठरेल. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीत जी घरे कोसळली, त्यांच्या जाड भिंतींत दगडावर दगड घासायला भरपूर वाव होता. त्या दगडांना एकत्र धरून ठेवणारा पिंजराच नव्हता. वर मातीच्या धाब्याचे प्रचंड ओझे होते. भिंत सुटी झाली आणि छप्पर झोपलेल्या माणसांवर आले. आधी इमारत एकसंध राहिली पाहिजे; ऊर्जा जिरवण्याची गोष्ट त्यानंतरची.

इमारतच डॅम्पर होते तेव्हा

मोठ्या भूकंपात पाच टक्के पुरत नाहीत. मग उरलेली ऊर्जा इमारत आपल्या अंगावर घेते. लोखंडी तार थोडी वाकवून सोडली तर ती पूर्ववत सरळ होते. जास्त वाकवली तर वाकलेलीच राहते, आणि पुनःपुन्हा उलटसुलट वाकवली तर वाकणाच्या जागी हाताला गरम लागते. ती उष्णता म्हणजे जिरलेली ऊर्जा. वाकवताना खर्च झालेला जोर सोडताना पुरता परत मिळत नाही. या गुणाला हिस्टेरेसिस म्हणतात. काँक्रीटच्या इमारतीत बीमच्या टोकांतील सळया भूकंपात नेमक्या अशाच पुढेमागे ताणल्या जातात. जगभरचे भूकंपविषयक नियम सामान्य इमारतींना हीच वाट दाखवतात. मोठ्या भूकंपात इमारत मोडली तरी चालेल, पडता कामा नये, असा हा सौदा आहे. घर घेणाऱ्याला तो क्वचितच कोणी समजावून सांगते.

सौदा पाळला जातो तेव्हाही किंमत मोजावी लागते, हे २२ फेब्रुवारी २०११ रोजी न्यूझीलंडमधील क्राइस्टचर्च शहराने दाखवले. त्या भूकंपात १८५ माणसे गेली, आणि त्यांतील बहुसंख्य दोनच इमारतींच्या कोसळण्यात गेली. बाकीच्या आधुनिक इमारती नियमांत लिहिल्याप्रमाणे वागल्या. बीमची टोके फुटली, सळया ताणल्या गेल्या, माणसे चालत बाहेर आली. पण त्यानंतर शहराच्या मध्यभागातील हजाराहून अधिक इमारती पाडाव्या लागल्या. ताणल्या गेलेल्या सळयांत पुढच्या हादऱ्यासाठी किती जीव उरला आहे, याची खात्री देणे अवघड होते. जीव वाचले, शहर मात्र वर्षानुवर्षे ओस राहिले.

आणि सौदा पाळला जातो तो केव्हा? बीमची किंवा कॉलमची टोके चुरा न होता अनेकदा वाकू शकली, तरच. ते ठरवणारी वस्तू म्हणजे सळयांना वेढणारी रिंग. भारतीय मानक १३९२० प्रमाणे तिसऱ्या क्षेत्रातही काँक्रीटच्या इमारतींत सांध्यालगत या रिंगा १०० मिलिमीटरपेक्षा जास्त अंतरावर असता कामा नयेत, आणि रिंगेची टोके १३५ अंशांत वळवून काँक्रीटच्या गाभ्यात खुपसलेली असावीत. बांधकामावर मात्र काटकोनात वळवलेली रिंग अजून पाहायला मिळते, कारण ती बांधायला सोपी असते. हादऱ्यात बाहेरचा थर निखळला की काटकोनी टोक उघडते, रिंग सुटते, आतले काँक्रीट भसाभस बाहेर पडते. त्या क्षणी कॉलमची ऊर्जा जिरवण्याची ताकद संपते.

मोकळ्या तळमजल्याचा दोषही इथेच कळतो. वरच्या मजल्यांना भिंतींमुळे ताठरपणा येतो. सारे वाकणे खालच्या मोजक्या कॉलमांच्या वाट्याला येते. साऱ्या इमारतीने वाटून जिरवायची ऊर्जा एकट्या तळमजल्याने जिरवायची. अहमदाबादेत घडले ते हेच.

मोडायचे काम दुसऱ्यावर

गेल्या अर्धशतकातील खरी नवी कल्पना एवढीच, की ऊर्जा जिरवण्याचे काम इमारतीच्या सांगाड्याकडून काढून बदलता येणाऱ्या सुट्या भागांवर सोपवायचे. विजेच्या मुख्य वाहिनीऐवजी फ्यूज उडावा, तसे.

त्यांतला सर्वांत सरळ प्रकार पोलादाच्या वाकण्याचा. चौकटीत तिरपे कंस बसवतात. साधा कंस ताणला तर टिकतो, दाबला की मध्येच वाकून निकामी होतो. जपानमध्ये १९८० च्या दशकात त्यावर तोड निघाली. पोलादी पट्टी काँक्रीट भरलेल्या नळीत ठेवायची, पण दोहोंमध्ये चिकटू न देणारा थर द्यायचा. नळीमुळे पट्टीला बाजूला वाकता येत नाही. ती दाबातही ताणासारखीच काम करते आणि दर फेरीला ऊर्जा खाते. भूकंपानंतर गरज पडल्यास कंस तेवढा बदलता येतो.

घर्षणाचा डॅम्पर म्हणजे मोटारीचा ब्रेकच. भारतात जन्मलेले कॅनडावासी अभियंता अवतार पाल यांनी पोलादी पट्ट्या घट्ट बोल्टांनी आवळून तिरप्या कंसांच्या सांध्यात बसवण्याची युक्ती काढली. नेहमीच्या वाऱ्यात पट्ट्या हलत नाहीत. ठरवलेल्या जोराच्या वर हादरा गेला तरच सरकतात आणि तापतात. मॉन्ट्रियलच्या काँकॉर्डिया विद्यापीठाच्या ग्रंथालय-इमारतीत ते बसवलेले आहेत. वस्तू साधी, स्वस्त, तेलपाणी न मागणारी. मात्र भूकंप थांबल्यावर पट्ट्या जिथे सरकल्या तिथेच अडकू शकतात, आणि इमारत किंचित कललेली राहण्याचा संभव असतो.

तेलाचा, म्हणजे श्यान डॅम्पर याहून हुशार म्हणावा लागेल. १८९७ सालच्या फ्रेंच तोफेत गोळा सुटल्यावर मागे येणारी नळी थोपवायला तेलाचे नळकांडे वापरले होते, तत्त्व तेच. सिलिकॉन तेलाने भरलेल्या नळकांड्यात दट्ट्या पुढेमागे होतो आणि तेल बारीक छिद्रांतून जोराने ढकलले जाते. सिलिकॉन एवढ्यासाठी की थंडी-उन्हाने ते फारसे दाट-पातळ होत नाही. या डॅम्परचा जोर विस्थापनावर नव्हे, वेगावर अवलंबून असतो. इमारत एका बाजूला पूर्ण झुकलेली असते तेव्हा कॉलमांवर सर्वाधिक ताण असतो, पण त्या क्षणी वेग शून्य असल्याने डॅम्पर गप्प असतो. इमारत मधल्या स्थितीतून वेगाने जाते तेव्हा कॉलम मोकळे असतात आणि डॅम्पर पूर्ण जोराने ओढत असतो. दोघांची भर एकाच वेळी पडत नाही. जुन्या इमारती बळकट करताना ही गोष्ट फार उपयोगी पडते. मेक्सिको सिटीतील ५५ मजली तोरे मायोर या मनोऱ्यात असे ९८ डॅम्पर आहेत. १९८५ चा धडा त्या शहराने असा गिरवला.

रबरासारख्या पदार्थाचे थर पोलादी पट्ट्यांमध्ये चिकटवून केलेले डॅम्पर या दोहोंच्या मधले. न्यूयॉर्कच्या जुळ्या मनोऱ्यांत ते प्रत्येकी सुमारे दहा हजार होते, पण भूकंपासाठी नव्हे, वाऱ्यासाठी.

वाऱ्याचा उल्लेख आला म्हणून तैपेई १०१ मधील प्रसिद्ध गोळ्याविषयीही थोडे स्पष्ट बोलावे लागेल. साडेपाच मीटर व्यासाचा, ६६० टनांचा हा पोलादी गोळा माथ्याजवळच्या मजल्यांमध्ये टांगलेला आहे. मनोरा एकीकडे झुकला की तो मागे रेंगाळून उलटा ओढतो आणि त्याला जोडलेली तेलाची नळकांडी ऊर्जा खातात. पर्यटक छायाचित्रे काढतात आणि भूकंपात हाच गोळा इमारत वाचवतो, असे समजतात. त्याचे मुख्य काम वादळी वाऱ्यात वरच्या मजल्यांवरच्या माणसांना मळमळू नये, हे आहे. असा गोळा इमारतीच्या एकाच लयीशी जुळवलेला असतो. भूकंपाच्या पहिल्या जोरदार धक्क्यांत त्याला झोका घ्यायला वेळ मिळत नाही. आणि सांगाड्याला इजा होऊन लय बदलली की त्याचे जुळणे बिघडते. गुजरातेतील स्टॅच्यू ऑफ युनिटीमध्येही या जातीचे दोन, प्रत्येकी २५० टनांचे, डॅम्पर आहेत.

शेवटचा प्रकार इमारत आणि जमीन यांच्यातली जवळीकच तोडणारा. पाया आणि कॉलम यांच्यामध्ये रबर व पोलादाच्या चकत्या एकाआड एक रचलेल्या गाद्या ठेवतात. उभ्या भाराला त्या कणखर, आडव्या हालचालीला मऊ. इमारतीची लय त्यामुळे दोन-तीन सेकंदांपर्यंत लांबते आणि कठीण जमिनीतल्या जलद हादऱ्यांशी तिचा मेळ बसत नाही. पण नुसती गादी इमारतीला फार वेळ झुलत ठेवील. म्हणून न्यूझीलंडच्या बिल रॉबिन्सन यांनी १९७० च्या दशकात गादीच्या मधोमध शिशाचा गाभा घातला. शिसे वाकताना ऊर्जा खाते आणि साध्या तापमानालाच त्याची अंतर्गत स्फटिकरचना पुन्हा सावरते. लोखंडी तारेसारखे ते थकून तुटत नाही. २००१ नंतर भुजमध्ये नव्याने बांधलेले जिल्हा रुग्णालय अशाच गाद्यांवर उभे आहे. क्राइस्टचर्चमधील महिला रुग्णालय २०११ च्या भूकंपाच्या वेळी आधीपासूनच अशा गाद्यांवर होते आणि चालू राहिले.

मऊ गाळावर मात्र हा उपाय उलटू शकतो, कारण तिथली जमीनच दोन सेकंदांच्या लयीत हलत असते. शिवाय गाद्यांवरची इमारत फूटभर किंवा अधिक सरकणार, म्हणून भोवती तेवढी मोकळी फट लागते. ती फट पुढे कोणी फरशी घालून बुजवली, तिच्यात जलवाहिनी ताठ बसवली, तर सारा खर्च वाया.

देखरेखीचा प्रश्न सर्वच डॅम्परांना आहे. ऑक्टोबर २०१८ मध्ये जपानच्या केवायबी या कंपनीने आपल्या तेलाच्या डॅम्परांच्या तपासणीतील आकडे फिरवल्याचे कबूल केले. संशयाच्या छायेत सुमारे एक हजार इमारती आल्या. भूकंपाचा सर्वाधिक अनुभव असलेल्या देशात हे घडले.

गोव्यातील चार-सात मजली निवासी इमारतीला यांतले एकही यंत्र बहुधा लाभणार नाही, आणि ती नेटकी बांधली असेल तर तिसऱ्या क्षेत्रात त्याची निकडही नाही. रुग्णालये, अग्निशमन केंद्रे, भूकंपानंतर तासाभरात लागणाऱ्या कार्यालयांच्या इमारती यांचा विचार वेगळा व्हायला हवा. बाकीच्यांचा डॅम्पर म्हणजे त्यांच्याच बीम-कॉलमची टोके. तिथल्या रिंगांतले अंतर टेपने मोजता येते आणि टोक किती अंशांत वळवले आहे हे डोळ्यांनी दिसते, पण ते सळया बांधून झाल्यापासून काँक्रीट ओतेपर्यंतच्या एक-दोन दिवसांतच.